अंध दीपकर्ता गुस्ताफ डालेन

बोदवडचा विद्यार्थी समुद्रापासून फार दूर वाढतो. आगगाडीच्या वाटेने मुंबई येथून सुमारे तीनशे मैलांवर आहे. त्यामुळे दीपगृह ही वस्तू त्यास बहुधा प्रथम पुस्तकातील चित्रातच भेटते. तथापि ह्या वस्तूशी आपला काही संबंध नाही, असे मात्र कोणी समजू नये. खानदेशच्या काळ्या जमिनीत पिकलेल्या कापसाच्या गाठी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस गेल्या व तेथून बोटींत चढून परदेशी रवाना झाल्या. कुलाब्याच्या टोकापुढील खडकांवर १८७५ साली उभारलेले प्राँग्जचे दीपगृह व थळसमोरील खांदेरी बेटावर १८६७ साली उभारलेले दीपगृह ही त्या बोटींना अंधाऱ्या रात्री वाट दाखवीत. समुद्रावरील दिवा विझला, तर त्याचे नुकसान समुद्र कधी न पाहिलेल्या माणसाच्याही घरापर्यंत पोहोचते. म्हणून ज्या पुरुषाने असे दिवे कोणी राखणदार नसतानाही जळत राहतील अशी योजना केली, त्याचे चरित्र आमच्या शाळेच्या वार्षिकात येणे अस्थानी होणार नाही. शिवाय तो पुरुष आमच्यापैकी बहुतेकांप्रमाणेच शेतकऱ्याचा मुलगा होता.

नील्स गुस्ताफ डालेन ह्याचा जन्म ३० नोव्हेंबर १८६९ रोजी स्वीडन देशातील स्टेन्स्टॉर्प ह्या खेड्यात झाला. स्वीडन हा युरोपच्या उत्तरेकडील थंड मुलूख. तेथे हिवाळ्यात दिवस अगदी लहान व रात्र फार मोठी असते. घरची शेती होती व ती पुढे गुस्ताफनेच पाहावी असा वडीलधाऱ्यांचा विचार होता. मुलगा आळशी नव्हता; परंतु पुस्तकी अभ्यासापेक्षा यंत्रांची जुळवाजुळव करण्यातच त्याचे मन अधिक रमे. एका जुन्या घड्याळास निरनिराळे तुकडे जोडून त्याने अशी करामत केली होती की, ठरल्या वेळी पहाटे आपोआप काडी ओढली जाई, दिवा लागे, कॉफी तापे, आणि मग मालकास जाग येई. ह्या गोष्टीचे हसू येणे साहजिक आहे. परंतु योग्य वेळ येताच आपला आपण लागणारा दिवा हीच कल्पना पुढे त्याच्या हातून हजारो खलाशांचे प्राण वाचविणार होती.

तरुणपणी गुस्ताफने घरच्या शेतीस बागाईत, बियाण्याचा व्यापार आणि दुग्धालय ह्यांची जोड दिली. शेतकरी दूध आणून घालीत. पण कोणाच्या दुधात लोणी किती, हे डोळ्यांनी पाहून कळत नसे. चांगले दूध घालणारा व पाणीदार दूध घालणारा ह्यांस एकच भाव मिळणे हा अन्याय होय. आज आपल्या दूध संकलन केंद्रावर फॅट मोजल्यावाचून भाव ठरत नाही. तीच गरज त्या तरुणास त्या काळी जाणवली आणि त्याने दुधातील स्निग्धांश मोजण्याचे एक उपकरण तयार केले. १८९२ साली ते घेऊन तो राजधानी स्टॉकहोम येथे गुस्ताफ दे लावाल ह्या प्रख्यात संशोधकाकडे गेला. दुधापासून मलई वेगळी काढण्याच्या यंत्रामुळे दे लावाल ह्यांचे नाव तेव्हा सर्वत्र झाले होते. तशाच प्रकारचे एक उपकरण त्यांनी स्वतःही आधीच योजले होते. तेव्हा ह्या खेडवळ तरुणाच्या पदरी निराशाच येणार, असे वाटणे स्वाभाविक होते. पण दे लावाल ह्यांनी उपकरणापेक्षा ते करणाऱ्याची बुद्धी पाहिली, आणि एवढ्यावर न थांबता रीतसर शिक्षण घ्यावे असा त्यास सल्ला दिला.

वय तेवीस वर्षांचे, घरी चालता धंदा, आणि पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसावयाचे! असा सल्ला पुष्कळांनी हसण्यावारी नेला असता. गुस्ताफने तो शिरोधार्य मानला. गोथेनबर्ग शहरातील चाल्मर्स विद्यालयात प्रवेश मिळवून १८९६ साली तो इंजिनिअर झाला. नंतर एक वर्ष त्याने स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे स्टोडोला ह्या विख्यात प्राध्यापकांच्या हाताखाली काढले. स्वदेशी परतल्यावर डालेन ह्यांनी गरम हवेवर चालणारी चक्रे, हवा दाबण्याची यंत्रे वगैरेंवर परिश्रम केले. आणि १९०१ साली ॲसिटिलीन वायूचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीत ते यंत्रविभागाचे प्रमुख झाले. त्याच साली एल्मा पेर्सन ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

ॲसिटिलीन वायू आपणांस अपरिचित नाही. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर पाणी पडले की हा वायू निघतो. पूर्वी जत्रेतील दुकानदार ज्या कार्बाइडच्या दिव्यांच्या उजेडात रेवड्या-बत्तासे विकीत, ते ह्याच वायूवर जळत. त्याची ज्योत अतिशय शुभ्र व प्रखर असते, म्हणून समुद्रावरील दिव्यास तो फार उपयोगी. परंतु ह्या गुणाबरोबरच त्याच्या ठिकाणी एक भयंकर दोष आहे. त्याला दाबून टाकीत कोंडले असता, हवेचा स्पर्शही नसताना, तो नुसत्या धक्क्याने किंवा उष्णतेने भडकून फुटतो. दाबल्यावाचून तर तो पुरेसा साठविता येत नाही! फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी ह्यावर एक तोड काढली होती. ॲसिटोन नावाच्या द्रवात हा वायू साखरेसारखा विरघळतो. साध्या दाबाखाली ॲसिटोन आपल्या आकारमानाच्या सुमारे पंचवीसपट वायू पोटात घेते व दाब वाढवावा तसा अधिकाधिक घेत जाते. हा द्रव एखाद्या सच्छिद्र पदार्थात जिरवून टाकीत भरला म्हणजे वायू फुटण्याचे भय बरेच कमी होते. परंतु रस्त्यावरच्या व आगगाडीतल्या हादऱ्यांनी आतील सच्छिद्र पदार्थाचा चुरा होई, टाकीत पोकळ जागा पडे, त्या पोकळीत वायू साचे, आणि पूर्वीचे भय परत येई.

१९०६ साली डालेन हे गॅस ॲक्युम्युलेटर कंपनीचे मुख्य इंजिनिअर झाले व त्याच साली त्यांनी ही अडचण दूर केली. ॲस्बेस्टॉस, सिमेंट, कोळसा आणि एका प्रकारची हलकी माती ह्यांच्या मिश्रणाने त्यांनी असा एक सच्छिद्र पदार्थ बनविला की, तो हादऱ्यांना दाद देईना. कंपनीच्या आगा ह्या संक्षिप्त नावावरून त्यास आगामास असे नाव पडले. येथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. आल्फ्रेड नोबेल ह्या त्यांच्याच देशबांधवाने नायट्रोग्लिसरीन हा स्फोटक द्रव सच्छिद्र मातीत जिरवून आटोक्यात आणला व त्यातून डायनामाइट निर्माण केले. डालेन ह्यांनी दुसरे एक स्फोटक द्रव्य तशाच रीतीने बांधले, पण ते खडक फोडण्याकरिता नव्हे, तर खडकांपासून गलबते वाचविण्याकरिता. आजही आपल्या गावातील वेल्डिंगच्या दुकानात ॲसिटिलीनची जी उंच टाकी उभी दिसते, तिच्या पोटात सच्छिद्र भराव व ॲसिटोन हीच योजना असते.

वायू सुरक्षित झाला. आता तो पुरवून कसा वापरावा हा प्रश्न उरला. स्वीडनचा किनारा हजारो लहानमोठ्या बेटांनी व बुडत्या खडकांनी भरलेला आहे. प्रत्येक खडकावर राखणदार ठेवणे अशक्य. पाण्यावर तरंगणाऱ्या बोयावर तर मनुष्याने राहावे तरी कोठे? दिवा अखंड जळत ठेवावा तर टाकी लौकर रिकामी होई, आणि वादळात किंवा बर्फात नवी टाकी घेऊन तेथे होडी जाणे म्हणजे नावाड्यांच्या जिवाशी खेळ. डालेन ह्यांनी १९०५ साली योजिलेले लुकलुकयंत्र ह्या ठिकाणी उपयोगी पडले. वायू हळूहळू एका लहान कोठीत जमतो. त्याचा दाब ठराविक मर्यादेस पोहोचला की कोठीचा चामडी पडदा सरकतो व झडप उघडते. साचलेला वायू एकदम बाहेर येऊन जवळच तेवत असलेल्या बारीक ज्योतीवर पेट घेतो. आणि लगेच झडप मिटते. दर तीन सेकंदांत तीन दशांश सेकंद उजेड व बाकीचा वेळ अंधार असा क्रम ठेवला, तर मुख्य ज्योतीस अखंड दिव्याच्या एक दशांश एवढाच वायू पुरतो. ह्यात दुसराही लाभ होता. प्रत्येक दिव्याच्या लुकलुकण्याचा क्रम निराळा ठेवता येई. त्यामुळे समोर दिसणारा दिवा कोणता, हे खलाशास नुसत्या मोजणीने ओळखता येई.

तरीही एक उधळपट्टी चालूच होती. दिवसा सूर्य आकाशात असता दिवा जळत ठेवणे व्यर्थ. पण तो विझवावयास व सायंकाळी पुन्हा लावावयास त्या निर्जन खडकावर कोण जाणार? १९०७ साली डालेन ह्यांनी हे काम खुद्द सूर्याकडेच सोपविले. त्यांनी काचेच्या आवरणात धातूच्या चार कांड्या बसविल्या. मधली काळी केलेली. तिच्याभोवतालच्या तीन चकचकीत. काळी वस्तू प्रकाश शोषून तापते व चकचकीत वस्तू तो परतविते, हे वैशाखात काळी छत्री घेऊन फिरणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. उजाडले म्हणजे मधली कांडी इतरांपेक्षा किंचित अधिक तापते, किंचित लांब होते, आणि तेवढ्या केसभर वाढीने वायूची झडप मिटते. अंधार पडताच ती आखडते, झडप उघडते व दिवा लागतो. हवा थंड असो की उष्ण, तिचा परिणाम चारही कांड्यांवर सारखाच होत असल्यामुळे उन्हाळ्याहिवाळ्याने ह्या यंत्राची फसगत होत नाही. आणि दाट धुक्याने दिवस काळोखला तर दिवा दिवसाही आपण होऊन लागतो. ही सूर्यझडप पुढे जगभर प्रसिद्ध झाली. लुकलुकयंत्र व सूर्यझडप ह्यांच्या योगाने वायूची इतकी बचत झाली की, एकदा टाक्या भरून ठेवल्यावर कित्येक दिवे महिनेच्या महिने कोणाचाही हात न लागता चालू लागले.

१९०९ साली कंपनीची पुनर्रचना होऊन डालेन तिचे व्यवस्थापक झाले. वायू व हवा ह्यांचे प्रमाण आपोआप राखून मँटलला अधिक तेजस्वी करणारे मिश्रणयंत्रही त्यांनी सिद्ध केले. १९१४ साली पनामाचा कालवा वाहतुकीस खुला झाला. त्यावरील दिव्यांचे कामही आगा कंपनीकडे आले होते. ह्या उद्योगाची दुसरीही बाजू प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दिवे आपोआप चालू लागल्याने दीपगृहांतील पुष्कळ राखणदारांची गरज उरली नाही, आणि पिढीजात चालत आलेला एक पेशा हळूहळू लोपत गेला. मात्र डालेन ह्यांचे दिवे मुख्यतः अशा जागी लागले की, जेथे पूर्वी कोणी राखणदार नव्हता आणि दिवाही नव्हता, हेही विसरता कामा नये.

आता आपण ह्या चरित्रातील सर्वांत दुःखद प्रसंगाकडे येतो. टाकी आगीत सापडली तर ती फुटू नये, आतील वायू सुरक्षितपणे निसटावा, ह्यासाठी तिला कोणती योजना असावी, ह्याचा शोध डालेन घेत होते. अशी परीक्षा इतरांवर सोपवून ते कचेरीत बसून राहिले असते तर कोणी त्यांस दोष दिला नसता. परंतु ज्या कामात धोका आहे तेथे आपण स्वतः उभे राहावे असा त्यांचा स्वभाव. २७ सप्टेंबर १९१२ रोजी स्टॉकहोमच्या दक्षिणेस आल्बी येथील मोकळ्या जागेत टाक्या तापवून परीक्षा चालली होती. दाब उतरला असे समजून ते पाहावयास पुढे झाले, आणि त्याच क्षणी टाकीचा स्फोट झाला. त्यांचे सर्वांग भाजले. काही काळ प्राणांचीही आशा नव्हती. प्राण वाचले, पण दोन्ही डोळे कायमचे गेले. त्यांचे बंधू आल्बिन डालेन हे स्वीडनमधील नामांकित नेत्रवैद्य होते. तथापि भावाची दृष्टी परत आणणे त्यांच्याही विद्येच्या पलीकडचे ठरले. ज्याने असंख्य लोकांसाठी काळोखात दिवे लाविले, त्याच्याच वाट्यास बेचाळिसाव्या वर्षी कधी न सरणारी रात्र आली. ईश्वराची अशी करणी माणसाच्या बुद्धीस उलगडत नाही. तिच्यापुढे मस्तक नमविणे एवढेच आपल्या हाती असते.

ते अंथरुणाला खिळलेले असतानाच त्या वर्षीचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांस जाहीर झाले. दीपगृहे व बोये उजळण्यासाठी वायूच्या साठ्याबरोबर वापरावयाच्या स्वयंचलित नियामकांचा शोध हे त्याचे कारण नमूद करण्यात आले. १० डिसेंबर १९१२ रोजी समारंभात ते स्वीकारावयास बंधू आल्बिन ह्यांस उभे राहावे लागले. ह्या निवडीबद्दल विद्वानांत तेव्हाही एकमत नव्हते व पुढेही झाले नाही. पारितोषिकाच्या समितीनेच दुसरे नाव पुढे केले होते. ते हॉलंडमधील कामर्लिंग ओनेस ह्यांचे होय. त्यांस हा मान पुढच्या वर्षी, म्हणजे आपल्या रवींद्रनाथ ठाकुरांस साहित्याचा मान मिळाला त्याच १९१३ साली, लाभला. निसर्गाचे नवे नियम शोधणाऱ्यांच्या पंक्तीत झडपा व टाक्या बनविणाऱ्या कारखानदारास का बसवावे, असा आक्षेपकांचा प्रश्न होता. आणि दिवंगत नोबेल ह्यांच्या मृत्युपत्रात तर मानवजातीचे अधिकात अधिक हित करणाऱ्यास पारितोषिक द्यावे असा हेतू नमूद होता. डालेन ह्यांनी पदार्थविज्ञानाचा नवा सिद्धान्त सांगितला नाही, हे खरे. पण काळी वस्तू अधिक तापते हे जगास पूर्वीपासून ठाऊक असता, त्या साध्या ज्ञानातून खलाशाचा प्राण वाचविण्याची युक्ती दुसऱ्या कोणास सुचली नव्हती, हेही तितकेच खरे.

पारितोषिकापेक्षाही मोठी गोष्ट पुढेच घडली. दृष्टी गेलेल्या माणसाने कारभार सोडून घरी स्वस्थ बसावे, हेच लोकांच्या अपेक्षेप्रमाणे झाले असते. डालेन प्रकृती सावरताच कामावर परत आले, आणि त्यानंतर पंचवीस वर्षे, अगदी मृत्यूपर्यंत, त्यांनी कंपनीची धुरा वाहिली. आकृत्या डोळ्यांना दिसत नव्हत्या. म्हणून ते त्या दुसऱ्यांकडून ऐकून मनात उभ्या करीत व यंत्राचे भाग हातांनी चाचपून पाहत. त्यांच्या हाताखाली आगा कंपनीचे दिवे दूरदूरच्या देशांच्या किनाऱ्यांवर पोहोचले.

शोधकाची बुद्धीही अंध झाली नव्हती. घरात वावरताना त्यांस जाणवले की, पत्नी एल्मा ह्यांचा दिवस चुलीशीच सरतो; एकसारखे सरपण घालावे, विस्तव सारावा, आच पाहावी. ज्या गृहस्थाने समुद्रावरचा दिवा राखणदारावाचून चालविला, त्यास घरची चूलही तशी चालावी असे वाटले, ह्यात नवल नाही. १९२२ साली त्यांनी बिडाची एक मोठी चूल योजिली. तिच्यात थोडे इंधन मंद जळत राही. उष्णता जड बिडात साठून राही व भोवतालच्या आवरणामुळे बाहेर वाया जात नसे. भाजणे, शिजविणे व उकळणे ह्यांसाठी निरनिराळ्या आचेच्या जागा सदैव तयार असत. आगा चूल ह्या नावाने ती इंग्लंडात घरोघर प्रिय झाली, आणि ज्यांनी दीपगृह कधी पाहिले नाही अशा लोकांसही आगा हे नाव माहीत झाले. डोळस माणसांना रोज दिसूनही जे कष्ट कळत नाहीत, ते ह्या अंध पुरुषास कळले.

९ डिसेंबर १९३७ रोजी स्टॉकहोमजवळील लिडिंगो येथील आपल्या राहत्या घरी डालेन ह्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. पत्नी, दोन मुलगे व दोन मुली असा त्यांचा परिवार होता. थोरला मुलगा गुन्नार हा इंजिनिअर होऊन कंपनीतच काम करीत होता.

त्यानंतर समुद्रावरील दिव्यांत पुष्कळ स्थित्यंतरे झाली. ॲसिटिलीनच्या जागी वीज आली. आता तर पुष्कळ दीपगृहे व बोये सूर्यप्रकाशावर भारित होणाऱ्या विजेच्या साठ्यावर चालतात, आणि उपग्रहांच्या साह्याने गलबतांस आपले स्थान समजते. परंतु दिवसा विझावे व सायंकाळी आपण होऊन लागावे, हा डालेन ह्यांनी घालून दिलेला परिपाठ मात्र टिकून आहे. आपल्या रस्त्यांवरील कित्येक दिवेही आता तोच पाळतात. स्टॉकहोमच्या बंदरवाटेवरील ब्लोकहूसुडेन येथे डालेन ह्यांच्या पद्धतीचा दिवा १९१२ साली बसविला होता. तो १९८० सालापर्यंत कामावर होता. म्हणजे ज्या वर्षी कर्त्याचे डोळे गेले, त्या वर्षी लावलेला दिवा त्याच्या मृत्यूनंतरही बेचाळीस वर्षांहून अधिक काळ खलाशांना वाट दाखवीत राहिला.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, डालेन ह्यांच्याएवढी बुद्धी प्रत्येकास लाभेल असे नाही. परंतु तेविसाव्या वर्षी चालता धंदा ठेवून पुन्हा शिकावयास जाण्याची नम्रता, धोक्याच्या कामी स्वतः पुढे होण्याचे धैर्य, आणि घोर संकटानंतरही हाती घेतलेले काम न सोडण्याचा निश्चय, ह्या गोष्टी बुद्धीवर अवलंबून नाहीत. त्यांचा दिवा ओसाड खडकावर असे. तेथे त्याची स्तुती करावयास किंवा त्यावर देखरेख ठेवावयास कोणी नसे. तरीही सायंकाळ झाली की तो लागे. आपणही पाहणारा जवळ नसताना आपले कर्तव्य तितक्याच नियमाने करावे, एवढे जरी ह्या चरित्रापासून घेतले, तरी ते वाचल्याचे सार्थक होईल.